यंत्राच्या हाती मुखत्यारपत्र

शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत, कड्याकुलपे नाहीत, ही ख्याती जुनी आहे. २०११ साली यूको बँकेने तेथे शाखा उघडली तेव्हा तीही कुलूप नसलेली बँक म्हणून वृत्तपत्रांत गाजली. नेवासे तालुक्यातील याच गावच्या देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप चालवून भाविकांकडून पूजा-अभिषेकाचे पैसे घेतले जात असल्याचे प्रकरण २०२५च्या जुलैत विधानसभेत आले. आमदार विठ्ठलराव लंघे यांनी प्रश्न उपस्थित केला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात उत्तर दिले आणि सायबर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. दोषी कोण आणि कितपत, हा निर्णय न्यायालयाचा आहे. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. परगावच्या ज्या भाविकाने फोनवरून अभिषेकाचे पैसे भरले, त्याला ते ॲप देवस्थानाचेच आहे की नाही हे पैसे भरण्यापूर्वी विचारण्यासाठी खात्रीची जागाच नव्हती. शिर्डीच्या साईबाबा संस्थानलाही निवासाच्या आरक्षणासाठी फक्त अधिकृत संकेतस्थळच वापरावे, असे भाविकांना पुन्हापुन्हा बजावावे लागते, ते याच कारणाने.

हा भाविक निदान माणूस होता. त्याला शंका येऊ शकत होती. नगरच्या एखाद्या नातलगाला फोन करून विचारण्याची मुभा त्याला होती. तरीही तो फसला. आता हाच व्यवहार माणसाऐवजी यंत्राने करावा, आणि दिवसातून एकदा नव्हे तर शेकडो वेळा करावा, अशी व्यवस्था झपाट्याने उभी राहत आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, रेझरपे आणि अमेरिकेतील ओपनएआय यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत एक प्रयोग जाहीर केला. ग्राहकाने चॅटजीपीटीला काय हवे ते सांगायचे. वस्तू शोधणे, निवडणे आणि यूपीआयवरून पैसे चुकते करणे ही कामे त्या संभाषणातच पार पडायची. त्याआधीच्या महिन्यात गूगलने यांत्रिक अभिकर्त्यांनी पैसे कसे द्यावेत याची एक संहिता प्रसिद्ध केली होती. मे महिन्यात कॉइनबेस या अमेरिकी कंपनीने ‘एक्स-४०२’ नावाची पद्धत पुढे आणली. ४०२ या आकड्याला इतिहास आहे. इंटरनेटच्या नियमावलीत ‘पैसे भरणे आवश्यक’ या अर्थाने हा क्रमांक १९९०च्या दशकातच राखून ठेवला गेला होता. परंतु काही पैशांची देवघेव परवडेल अशी साधनेच नसल्यामुळे तो पडून राहिला. आता त्याला गिऱ्हाईक मिळाले आहे, आणि ते गिऱ्हाईक माणूस नाही.

हे यंत्र विकत काय घेणार? बहुधा दुसऱ्या यंत्राची सेवा. हवामानाचा अंदाज, उपग्रहाने टिपलेले शेताचे चित्र, राहाता किंवा घोडेगावच्या बाजारातील कांद्याचा आजचा भाव, एखाद्या कागदाचे भाषांतर, एखादा नकाशा. प्रत्येक विचारणेला काही पैसे, क्वचित एखादा रुपया. धन्याने यंत्राला एकदा रक्कम आखून दिली की पुढे प्रत्येक वेळी त्याला विचारले जाणार नाही. विचारायचे असेल तर यंत्र ठेवण्यात अर्थच काय, असा या व्यवस्थेचा युक्तिवाद आहे. भारतात त्याला लागणारे सुटे भाग तयारच आहेत. यूपीआय लाइटमधून १,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिन न टाकता जाते. यूपीआय सर्कलमध्ये खातेदार आपल्या खात्यातून खर्च करण्याची मुभा दुसऱ्याला देऊ शकतो, महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत. रक्कम आधी राखून ठेवून तीतून वेळोवेळी पैसे वळते करण्याचीही सोय झाली आहे. २०२५च्या ऑगस्टात यूपीआयवरील व्यवहारांनी एका महिन्यात २,००० कोटींचा टप्पा ओलांडला, तोही बहुतांशी माणसांच्या बोटांनी. यंत्रांची भर पडल्यावर हा आकडा कोठे जाईल, याची कल्पनाच केलेली बरी.

मराठी माणसाला या व्यवस्थेचे खरे नाव ठाऊक आहे. हे मुखत्यारपत्र आहे. घरातला वडीलधारा माणूस परगावच्या पुतण्याला जमिनीचे मुखत्यारपत्र देताना चार रात्री विचार करतो, वकिलाकडून मसुदा वाचून घेतो, ‘विक्रीचा अधिकार नाही’ हे कलम आवर्जून घालतो. येथे मात्र ‘मान्य आहे’ या एका चौकोनावर बोट टेकवले की काम झाले.

यंत्राविषयी दोन गैरसमज प्रचलित आहेत. यंत्र थकत नाही, म्हणून ते माणसापेक्षा सावध असते, हा पहिला. वस्तुस्थिती अशी की आजच्या भाषिक यंत्रांना वाचलेला मजकूर आणि मिळालेला हुकूम यांतील भेद नेहमीच कळतो असे नाही. एखाद्या संकेतस्थळाच्या पानावर माणसाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांत ‘पैसे अमुक खात्यावर पाठवावेत’ असे लिहून ठेवले, तर पाहुणा म्हणून आलेले यंत्र ती धन्याचीच आज्ञा समजू शकते. संगणकशास्त्रज्ञांना हा दोष ठाऊक आहे. त्यावर संपूर्ण उपाय अद्याप सापडलेला नाही. दुसरा गैरसमज असा की यंत्राची चूक ही माणसाच्या चुकीसारखीच असते. दुकानातला मुनीम चुकतो तेव्हा एका दुकानाचे नुकसान होते. एकाच कंपनीचे यंत्र लाखो घरांत मुनिमी करीत असेल, तर ज्या युक्तीने ते एका घरात फसले त्याच युक्तीने ते सर्व घरांत, एकाच दिवशी फसेल.

आणि रक्कम लहान असल्यामुळे हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. समजा, एखादे यंत्र दिवसाला चाळीस विचारणा करते आणि प्रत्येकीला पन्नास पैसे देते. दिवसाचे वीस रुपये झाले, महिन्याचे सहाशे. त्यांतील दशांश रक्कम खोट्या विक्रेत्यांकडे गेली तर महिन्याला साठ रुपये बुडाले. साठ रुपयांसाठी कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायलाही अर्धा दिवस मोडला तर मजुराचा रोज बुडतो. परंतु अशी एक लाख घरे असतील तर फसवणारा महिन्याकाठी साठ लाख रुपये घेऊन जातो, आणि एकही फिर्याद होत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रश्नाचा गाभा येथे आहे. लहान रकमेची पडताळणी एकेकट्याला परवडतच नाही. म्हणून ‘ग्राहकाने जागरूक राहावे’ हा उपदेश येथे निरर्थक ठरतो. साठ रुपये वाचवण्यासाठी सहाशे रुपयांची जागरूकता खर्च करावी, असे सांगण्यासारखे ते आहे. ही पडताळणी व्हायची तर ती सर्वांच्या वतीने, एकदाच आणि पैसे जाण्यापूर्वी झाली पाहिजे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की खऱ्याखोट्याची पारख गिऱ्हाइकाला करता येत नाही तेथे खोटा माल खऱ्याला हुसकून लावतो. पैशा-पैशाच्या सेवांचा बाजार हा तर त्याच जातीचा, फक्त कितीतरी अधिक वेगाचा.

नगर जिल्ह्याला, आजच्या अहिल्यानगरला, हा धडा नवा नाही. १८७५ साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांच्या विरुद्ध उठाव झाला आणि त्याचे लोण पाहता पाहता पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांतील गावांत पोचले. लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर क्वचितच होता. त्यांना हवे होते ते त्याच्या पेटीतले रोखे आणि खते. ती मिळवून त्यांनी जाळली. इतका राग एका कागदावर का असावा, याचा शोध सरकारने नेमलेल्या आयोगाला घ्यावा लागला. शेतकऱ्याने ज्या कागदावर अंगठा किंवा नांगराची निशाणी केली होती तो त्याला वाचता येत नव्हता. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली, ती खरे म्हणजे ऋणकोच्या हितासाठी. परंतु परिणाम असा झाला की मुदत भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेई. कुळाने काही नवे घेतलेले नसताना कर्ज दर तीन वर्षांनी आपोआप वाढे. आजच्या ॲपवरील वर्गणीचे ‘आपोआप नूतनीकरण’ ज्यांना अगदी आधुनिक वाटते त्यांनी तो अहवाल अवश्य वाचावा. दावा दाखल झाला की निकाल बहुधा एकतर्फी होई, कारण न्यायालय फक्त कागद पाहत असे आणि कागद बिनचूक असे.

त्यानंतर आलेला १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. तो पुरेसा होता असे कोणी म्हणणार नाही. पण त्यातील एक तत्त्व मोलाचे होते. न्यायालयाने रोख्यावरच थांबू नये. त्याच्या मागे जावे, देवघेवीचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासावा आणि प्रत्यक्ष किती दिले-घेतले याचा हिशेब मांडावा. दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावेत, म्हणजे मजकूर ऐकवणारा तिसरा माणूस हजर राहील. सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा. अर्थात सावकारही वस्तादच. पुष्कळांनी कर्जखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. कागदावर जमीन विकली गेली, मनात गहाण राहिली. कायद्याने एका नमुन्यावर बोट ठेवले की व्यवहार दुसऱ्या नमुन्यात शिरतो, हेही त्या कायद्याच्या इतिहासातून शिकण्यासारखे आहे.

या तुलनेला कोणी अतिशयोक्ती म्हणेल. सावकाराच्या रोख्यापायी जमीन जात असे, येथे पन्नास पैसे जातात. मान्य आहे. परंतु कायद्याची आजची स्थिती पाहिली तर साम्य जाणवते. १८७२च्या करार कायद्यानुसार अभिकर्ता ही ‘व्यक्ती’ असते. त्याने कौशल्याने व दक्षतेने वागावे, न वागल्यास धन्याची भरपाई करावी, मागेल तेव्हा हिशेब द्यावा, ही कर्तव्ये त्या व्यक्तीवर आहेत. यंत्र व्यक्ती नाही. त्याच्यावर दावा लावता येत नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्या कलम ११ नुसार एखाद्याने किंवा त्याच्या वतीने आपोआप चालण्यासाठी योजलेल्या प्रणालीने पाठवलेला संदेश हा त्या माणसाचाच संदेश समजला जातो. म्हणजे यंत्राचे कर्म धन्याच्या माथी, आणि यंत्राची कर्तव्ये कोणाच्याच माथी नाहीत. यंत्र बनवणारी कंपनी तर आपल्या अटींत ‘चुका होऊ शकतात’ असे बारीक अक्षरांत लिहून आधीच बाजूला झालेली असते.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली एक चांगले तत्त्व घालून दिले. तिऱ्हाइताच्या लबाडीने खात्यातून अनधिकृत व्यवहार झाला आणि खातेदाराने तीन दिवसांच्या कामकाजात तो कळवला, तर नुकसान त्याच्यावर पडू नये. पण यंत्राने केलेला व्यवहार अनधिकृत म्हणायचा का? खातेदाराने तर परवानगी दिलेली आहे. वर्गण्यांसारख्या पुन्हापुन्हा होणाऱ्या वजावटींसाठी रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत चोवीस तास आधी सूचना देण्याचे बंधन आहे. मिनिटाला चार व्यवहार करणारे यंत्र चोवीस तास आधी कसली सूचना देणार? नियम जागच्या जागी राहतील आणि व्यवहार त्यांच्या शेजारून निघून जातील, खरेदीखत जसे कर्जखताच्या शेजारून गेले तसे.

याच देशात, अगदी अलीकडे, हे एकदा घडून गेले आहे. मोबाइल फोन खेड्यांत पोचले त्या काळात न मागता कॉलर ट्यून सुरू होई, ज्योतिषाचे किंवा क्रिकेटचे निरोप येऊ लागत, आणि भरलेल्या पन्नास रुपयांतून तीस रुपये कमी होत. तक्रार करायला माणूस सापडत नसे. बहुतेकांनी ते पैसे दैवावर सोडले. अखेर २०१३च्या जुलैत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती बंधनकारक केली. पण तोवर काही वर्षे गेली होती, आणि त्या वर्षांतले पैसे गरिबांच्या फोनमधूनच गेले होते.

मग पडताळणी म्हणजे नेमके काय करायचे? या प्रश्नावर संगणकतज्ज्ञांचे पुष्कळ लिखाण आहे आणि ते बरेच क्लिष्ट आहे. पण नगर जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकाला ते एका शब्दात सांगता येईल: काटा. कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी चढते तेव्हा शेतकरी स्वतः वजन करीत नाही. तो विश्वास ठेवतो तो वैधमापन खात्याच्या शिक्क्यावर. काटा वापरात येण्यापूर्वी तपासला जातो, ठरावीक मुदतीने पुन्हा तपासला जातो, हंगामात भरारी पथके येतात. एवढे असूनही ‘काटामारी’ हा शब्द जिल्ह्याच्या बोलीतून गेलेला नाही. पण शिक्काच नसता तर काय झाले असते, हे सांगायला नको. बाजार समितीच्या आवारात तर याहून जुनी व्यवस्था आहे. तेथे माल तोलणारा मापाडी व्यापाऱ्याचा नोकर नसतो आणि शेतकऱ्याचाही नसतो. त्याला समितीचा परवाना असतो.

पैसे घेऊन सेवा देणाऱ्या संकेतस्थळालाही असाच काटा हवा. ते कोणाच्या मालकीचे आहे आणि पैसे ज्या खात्यात जाणार ते खाते त्याच मालकाचे आहे काय, हे आधी जुळले पाहिजे. जाहीर केलेला दर आणि प्रत्यक्ष मागितलेली रक्कम एकच आहे का, की यंत्र दिसले म्हणून दर चढवला? ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण यंत्र घासाघीस करील हे गृहीत धरता येत नाही. पैसे घेतल्यावर जे द्यायचे कबूल केले ते मिळाले का, हे तपासणे सर्वांत कठीण. कांद्याचा कालचा भाव आजचा म्हणून विकला तर यंत्राला त्याचा पत्ता लागणार नाही. तो लागतो केवळ कोणीतरी मधूनमधून घोडेगावच्या बाजारात जाऊन खरा भाव पडताळून पाहील तेव्हा. म्हणून पडताळणी हे एकदा देऊन टाकायचे प्रमाणपत्र असू शकत नाही. आणि पैसे परत मिळण्याचा मार्ग मोकळा हवा. परदेशांत या कामासाठी जी आभासी नाणी पुढे केली जात आहेत त्यांत एकदा गेलेली रक्कम परत वळवण्याची सोयच नसते. तोच त्यांचा गुण म्हणून सांगितला जातो. विक्रेत्याच्या दृष्टीने तो गुण खराच.

प्रश्न उरतो तो पडताळणी कोणी करायची हा. बाजारातून उत्तर तयार आहे: खासगी कंपन्या विक्रेत्यांना गुण देतील, यंत्रे ते गुण वाचतील. हे गुण देणाऱ्यांचा मेहनताना कोण देणार? विक्रेताच. आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेला २०१८ साली तिचे हप्ते थकेपर्यंत सर्वोच्च पतदर्जा मिळत होता, आणि तो देणाऱ्या संस्थांचे शुल्क तीच भरत होती. सहकाराच्या क्षेत्रातही प्रमाणपत्रांनी दगा दिल्याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. शतकाहून अधिक वयाच्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. तिचेही लेखापरीक्षण दरसाल होतच होते. तपासणारा आणि तपासला जाणारा यांत पुरेसे अंतर नसेल, किंवा तपासणीचा निष्कर्ष ठेवीदाराला वेळेवर कळत नसेल, तर शिक्का असूनही काटा खोटा राहतो. ज्यांच्या ठेवी अडकल्या त्या कुटुंबांना हे नव्याने समजावण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा हे काम सार्वजनिक असले पाहिजे. त्याची सुरुवात झालेलीही आहे. खेद एवढाच की ती फक्त बँकांसाठी आणि शेअरबाजारासाठी झाली. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर येण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. त्या पत्त्याचे संकेतस्थळ बँकेखेरीज कोणाला घेता येत नाही. सेबीने १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत दलालांना व म्युच्युअल फंडांना ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेला खास यूपीआय पत्ता दिला, आणि तो खरा आहे की नाही हे तपासण्याचे साधन लोकांना खुले केले. यूपीआयवर पैसे पाठवण्यापूर्वी बँकेत नोंदलेले खरे नाव दाखवण्याचे बंधन २०२५च्या जूनअखेर लागू झाले. या गोष्टी माणसाला उपयोगी आहेतच, पण यंत्राला त्याहून उपयोगी आहेत. ‘या नोंदवहीत नाव नसेल तर पैसे देऊ नकोस’ हा हुकूम यंत्र निमूटपणे पाळू शकते. शेअर घेणाऱ्यासाठी जी नोंदवही झाली ती अभिषेकाचे पैसे भरणाऱ्यासाठी, खत-बियाण्याचा सल्ला घेणाऱ्यासाठी, पतसंस्थेत हप्ता भरणाऱ्यासाठी का होऊ नये? यांत तांत्रिक अडचण नाही. गरिबाचे साठ रुपये हे नियामकांच्या दृष्टीने अद्याप रक्कम या संज्ञेत बसत नाहीत, एवढेच.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. नोंदवही आली की परवाना आला, परवाना आला की हेलपाटे आले, आणि शेवटी मोठ्या कंपन्याच तीत नाव नोंदवू शकतील. अकोले तालुक्यातील एखाद्या बचत गटाने गावरान बियाण्यांची माहिती अल्प दराने पुरवायचे ठरवले तर त्याला बाद करणारी व्यवस्था ही लोकांची व्यवस्था नव्हे. म्हणून लहान विक्रेत्याची नोंदणी विनाशुल्क हवी, ती तालुक्याच्या ठिकाणी व्हावी, आणि शुल्काचा भार यंत्रे बाजारात सोडणाऱ्या कंपन्यांवर टाकावा. पडताळणी विक्रेत्याची व्हायची आहे, घेणाऱ्याची नाही, हेही स्पष्ट असावे. नाहीतर सुरक्षिततेच्या नावाखाली प्रत्येक शेतकऱ्याने काय विचारले आणि काय घेतले याची जंत्री कोणाच्या तरी दप्तरी जमा व्हायची.

भरपाईचा नियम त्याहून सोपा आहे. पडताळणी न झालेल्या विक्रेत्याला यंत्राने पैसे दिले, तर ते पैसे यंत्र पुरवणाऱ्याने परत करावेत. धन्याने फिर्याद करण्याची वाट पाहू नये. हा नियम झाला की कंपन्या पडताळणीचा खर्च आनंदाने करतील. आज त्या तो करीत नाहीत, कारण न केल्याचा तोटा दुसऱ्याच्या खात्यातून जातो.

हा प्रश्न शहरी हौसेचा आहे असे समजून कार्यकर्त्यांनी तो बाजूला ठेवू नये. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. कृषी खात्याचे सल्ला देणारे ॲप आजही विनामूल्य आहे आणि ते तसेच राहावे, ही मागणी प्रथम केली पाहिजे. पण त्याच्या शेजारी खासगी सल्लागार यंत्रे येणार, ती विचारणेगणिक पैसे मागणार, आणि त्यांतील कोणते खरे आणि कोणते राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे नाव लावून फिरणारे तोतये, हे श्रीगोंद्याच्या किंवा पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने कशावरून ओळखावे? विद्यापीठाने निदान आपल्या नावाने चालणाऱ्या सेवांची यादी जाहीर करून ती अद्ययावत ठेवावी. त्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

जिल्ह्यात तत्काळ करता येण्यासारखे आणखीही आहे. धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयाने प्रत्येक नोंदणीकृत देवस्थानाचे अधिकृत संकेतस्थळ, ॲप आणि पैसे स्वीकारण्याचे खाते यांची यादी प्रसिद्ध करावी आणि ती यंत्रांना वाचता येईल अशा स्वरूपात खुली ठेवावी. पतसंस्थांसाठी हेच काम जिल्हा उपनिबंधकांनी करावे. देवस्थानांच्या यादीत शनिशिंगणापूर आणि शिर्डी यांची नावे आधी यावीत, कारण परराज्यातून पैसे पाठवणारे भाविक तेथेच सर्वांत अधिक आहेत. आणि ही मागणी घेऊन तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी त्या दोन कार्यालयांत जावे, अर्जाची पोच घ्यावी, आणि महिनाभराने पुन्हा जावे.